तेंगेर

माझं नाव दुलमा. उलानबातरच्या परराष्ट्र खात्यात
बत्तीस वर्षं मी दोन खुर्च्यांमधली तिसरी,
जी फोटोत कापली जाते.
हंगेरियन मी शाळेत शिकले नाही,
गोबीत शिकले, एका अर्धवट विहिरीच्या काठावर,
एकोणिसाव्या वर्षी.

तिकडून इंजिनिअर आले होते पाणी शोधायला.
यंत्रं त्यांची, डिझेल तिसऱ्याच देशाचं,
मेंढ्या आमच्या, तहानही आमचीच.
त्यांत एक लोरांत, उन्हाने नाक सोललेला.
रोज रात्री आईला पत्र लिहायचा, सकाळी फाडायचा;
टपाल महिन्यातून एकदा निघे,
तोवर शिळं होईल म्हणायचा.

अकराव्या मीटरला पाणी लागलं.
आम्ही दोघं पोटावर पालथे पडून आत बघत होतो.
खाली, थाळीएवढं, काहीतरी हललं.
मी म्हटलं, तेंगेर.
तो उडालाच. हो, हो, तेंगेर!
मला वाटलं, याला आमची भाषा येते.
त्याला वाटलं, हिला माझी.
उलगडायला संध्याकाळ झाली:
माझं तेंगेर म्हणजे आकाश,
त्याचं तेंगेर म्हणजे समुद्र.
समुद्र मी पाहिला नव्हता.
खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यानेही नाही.
त्याच्या देशालाही चहूबाजूंनी जमीनच.

आज करार होता. तेरा कलमं.
लस, लोकर, शिष्यवृत्त्या, नाटकमंडळींची ये-जा,
आणि नवव्या कलमात जुन्या विहिरींची दुरुस्ती,
निधी उपलब्ध झाल्यास.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,
पण हे दुभाषीने बोलायचं नसतं.
आमच्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं;
होकार की नकार, टोकाला पोचेपर्यंत कळत नाही.
म्हणून मी श्वास धरून ऐकते,
आणि पाहुणे माझा श्वास ऐकतात.

जेवणाआधी त्यांच्या मंत्र्यांनी पेला उचलला.
म्हणाले, आपल्या दोघांनाही समुद्र नाही,
म्हणूनच आपण एकमेकांना ओळखतो.
मी सगळं भाषांतर केलं, एक शब्द सोडून.
तो तसाच जिभेवरून घसरला.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

आमच्या बाजूने ऐकलं:
आपल्या दोघांनाही आकाश नाही.

काटेचमचे थांबले.
उपसचिव जामसरानने पाहुण्यांसाठी आणलेल्या
निळ्या खदगाची घडी उलगडली, पुन्हा घातली.
कुणाला काय म्हणावं सुचेना;
आमच्याकडे आकाशाची शपथ घेतात,
ते नाही असं कुणी जेवायला बसून सांगत नाही.
मी तोंड उघडलं, क्षमस्व म्हणायला.
तेवढ्यात आमचे मंत्री खिडकीकडे वळले.
जानेवारी. हजारो तंबूंतल्या चुलींचा कोळसा.
समोरच्या चौकातला दिवाही दिसत नव्हता.
"खरं आहे," ते म्हणाले,
आणि पेला रिकामा केला.

ते मी पलीकडे नेलं. दोनच शब्द. चुकले नाहीत.
पाहुणे खूश झाले, टाळ्या वाजवल्या.
रात्री इतिवृत्तात दुरुस्ती केली:
आकाश, ऐवजी समुद्र असे वाचावे.

लोरांतचं शेवटचं कार्ड आलं तेव्हा
त्यांच्याकडचं सरकार बदललं होतं, आमच्याकडचं बदलत होतं.
तिकिटावर जुन्या देशाचं नाव खोडून नवं छापलेलं.
त्यात फक्त: शेवटी पाहिला. खारट आहे.
तुझं बरं.

गेल्या उन्हाळ्यात त्या विहिरीवर गेले होते.
पंप गंजलेला. सुटा भाग बनवणारा कारखाना
नकाशावरही उरलेला नाही.
लोखंडी पाटीवर दोन देशांची नावं होती;
उंटांनी अंगं घासून घासून ती पुसून टाकलीत,
खालचा क्रमांक तेवढा वाचता येतो. एकशे सात.
वाकले, पण गुडघ्यांनी पालथं पडू दिलं नाही.
मग एक खडा टाकला
आणि कान लावून उभी राहिले.
आवाज यायला
नववं कलम वाचून व्हावं
इतका वेळ लागला.
पण आला.