मागचा आवाज

चाळीसला सुरू होतो, पंचावन्नला गातो,
पाय काढला की गप्प.
ओम्नी. दोन लाख एकोणीस हजार.

मकरपुऱ्याच्या रस्त्यावर डाह्याभाई
मागे आडवे झाले, स्टेपनीशेजारी,
कान पत्र्याला.
"डाबी बाजू वाळो."
वळवली. घुरघुर वाढली.
"जमणुं बेरिंग."

जॅकवर उजवं चाक हाताने फिरवलं,
स्प्रिंगवर दोन बोटं ठेवून डोळे मिटले,
नाडी बघतात तसं.
बेरिंग बदललं. घुरघुर गेली.

पण तो पंचावन्नचा?
त्यांनी डिफरन्शियलचं काळं तेल
बोटांत चोळून पाहिलं, नवं भरलं,
"ए तो रहेशे."

अकोट्याच्या पुलावर मी
पाय ठेवला, काढला, ठेवला.
गातो. गप्प. गातो.
शेजारून कुमुद म्हणाली,
झालं का तुझं?