एकच नमुना, नर

लांबी चार पूर्णांक दोन मिलिमीटर.
एतेर लिहिते आणि लगेच खोडते.
मान वाकलेली आहे; सरळ असती तर साडेचार भरला असता.
पण ती सरळ करायची हिंमत कुणाची?
छत्तीस वर्षं हा असाच वाकून
पुठ्ठ्याच्या त्रिकोणावर, डिंकाच्या एका थेंबात,
तिबिलीसीच्या संग्रहालयातल्या
डांबरगोळ्यांचा वास मुरलेल्या खणात.

खाली चिठ्ठी. पेन्सिलीचं अक्षर ओतारचं:
'किंत्रिशीचं खोरं. बझाच्या झाडाखालचा पाला. चाळून.'
पुढे तारीख. बस्स.
ओतार एरवीही मोजकंच बोलायचा.
ज्या हिवाळ्यात शहरभर वीज नव्हती
तेव्हा कोट न काढता, मेणबत्तीपाशी
तो या खणांना बुरशीपासून राखत बसे,
आणि मी त्याच्यासाठी किड्यांचे पाय काढी.
तीन पायांना एक पाव, असा आमचा भाव.
सहा पायांवर माझ्या मुलीची संध्याकाळ निघायची.

आता पुन्हा मीच, जाड भिंगाचा चष्मा लावून.
रंग गंजलेल्या खिळ्यासारखा, डोक्याकडे काळा.
पाठीवर तोकडं जाकीट, कंबरेच्या बरंच वर संपलेलं,
खाली पोट उघडं, खवल्याखवल्यांचं.
त्या जाकिटात पंख कोंबलेले,
लिफाफ्यात मावेना म्हणून पत्र दुमडत जावं तसे,
आणि डावा एका घडीनं, उजवा दुसऱ्याच.
डावी मिशी तुटलेली.
ती कुठे पडली, ओतारलाच ठाऊक असणार.

जात नक्की ठरते
पोटाच्या टोकाशी दडलेल्या, तिळाहून बारीक अवयवावरून,
आणि तो कापून काढावा लागतो.
एतेरनं सुई उचलली. ठेवली. चहा टाकला.
म्हणाली, दोन असते तर हात कापला नसता.

म्हणून मे महिन्यात आम्ही खोऱ्यात गेलो.
बझाचं रान उभं होतं, पण नुसतं उभं:
परक्या रोपांबरोबर आलेल्या पतंगाच्या अळ्यांनी
पान न् पान खाल्लेलं,
खोडांवर शेवाळ, आणि वर मोकळं आभाळ,
जे तिथे कधी दिसत नसे म्हणतात.
वनरक्षकाच्या बायकोनं, माक्वालानं, मक्याची भाकरी वाढली.
ओतारला आपल्या नवऱ्यानंच वाट दाखवली होती, म्हणाली.
'बझा? हा काय उरलाय,'
आणि लोबियात बुडालेला चमचा वर केला,
पिवळट, गुळगुळीत, मुठीपाशी झिजलेला.

तीन दिवस पाला चाळला.
गोम निघाली, कोळी, गोगलगायीचं पिल्लू.
एकदा एका किड्यानं विंचवासारखी शेपटी उगारली
आणि एतेर गुडघ्यांवरच ओरडली,
पण तो दुसरा, सगळीकडे सापडणारा.
तिनं त्याला फुंकर मारून सोडून दिलं.

परत आल्यावर तिनं कापलं.
मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.
बऱ्याच वेळानं म्हणाली, 'नवा आहे.'
आवाजात आनंद होता, पण बसका.

नाव माक्वालाचं ठेवायचं ठरलं.
तिथल्या भाषेत ते ब्लॅकबेरीचं नाव,
आणि बझा वाळला तिथे आता तीच माजलीये.
लाल चिठ्ठी टोचून झाली.
सगळं वर्णन झालं, एका ओळीपाशी अडलं:
'बझाच्या पाल्यात राहतो',
की 'राहत असे'?
एतेर दोन दिवस त्या क्रियापदाशी बसून.

मध्येच माक्वालाला फोन लावला,
सांगितलं, तुझ्या नावाचा एक किडा झालाय.
पलीकडे कोंबड्या, मग बादलीचा आवाज.
'चावतो का?'
नाही.
'मग राहू दे.'

एतेरनं शेवटी काय लिहिलं, मी विचारलं नाही.
मला अजून डावी मिशी काढायची होती,
उजवीकडे बघत, अकरा मणी मोजत,
जी नाही ती.