मी उठल्यावर

सावद्याला, केळीच्या वखारीच्या मागच्या खोलीत
तीन कॉम्प्युटर, एक पंखा
आणि भिरूडने लिहून ठेवलेली स्क्रिप्ट.
भिरूड पुण्याला गेला. जाताना म्हणाला,
काही बघावं लागत नाही, रात्री दोनला आपोआप चालते,
आठही चेंबरचं तापमान गोळा करते,
सर्व्हरवर नेऊन ठेवते, झालं.

आठ दिवस झालं नाही.

विंडोजच्या घरात त्याने युनिक्सचं बिऱ्हाड थाटलेलं.
एकाची तिरकी रेघ डावीकडे रेलते, दुसऱ्याची उजवीकडे,
मध्ये एक दुभाष्या, इकडचं तिकडे करणारा,
जशी मी बँकेत वडलांच्या ‘मले’चं ‘मला’ करते
आणि परतीच्या रिक्षात पुन्हा ‘मले’ होते.

पहिल्या दिवशी सापडलं ओळींच्या शेवटी चिकटलेलं
एक न दिसणारं अक्षर.
कुणीतरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केलेली.
टाइपरायटरचा गाडा मागे ओढायची जुनी खूण ती.
रावेरच्या कचेरीबाहेर बोंडे काका ओढायचे, टिंग, खर्र.
काका गेले, गाडा भंगारात गेला,
खूण इथे माझ्या स्क्रिप्टच्या पायात.
झाडून काढली.

दुसऱ्या दिवशी एकाच नावाच्या दोन फाइली,
एक जुनी, एक नवी, एकमेकींना चालू देईनात.
आमच्या गल्लीत दोन प्रल्हाद झोपे आहेत,
एकाचं वीजबिल दुसरा भरून बसतो.
जुनीचं नाव बदललं.

तिसऱ्या दिवशी चाललं.
मी समोर बसून दोनदा चालवलं, दोनदा चाललं.
रात्री दोनला नाही.

लॉगमध्ये एकच ओळ: अशी जागा अस्तित्वात नाही.
अरे, आहे की! ही बघ झेड ड्राइव्ह, उघडी माझ्यासमोर,
हा चार नंबर, सोळा अंश,
आत हिरव्या फण्या पिवळं व्हायची वाट बघत,
आणि बाहेर मे महिना, खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही.

वाघुळदे शेठनी फोन केला: बंद करून चालू केलं का?
केलं, भाऊ.
मंग आजून एकदा करा.

सुभान तडवी रात्रीची राखण करतो,
तासातासाला टॉर्च मारून तापमान वहीत टिपतो,
पाच वर्षांत त्याची वही एकदाही बंद पडलेली नाही.
चहाचा कप देताना म्हणाला,
मॅडम, तुमी बसल्या का चालते.
तुमी उठल्या का त्याले काई दिसत नई.

मी हसले.
मग कप खाली ठेवला.

झेड हे नाव माझं होतं.
मी आत शिरले की मिळणारं, बाहेर पडले की माझ्याबरोबर जाणारं.
रात्री दोनला जो उठतो
त्याला झेड म्हणजे कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं.
घरात ‘बापूकडे दे’ म्हटलं की पुरतं,
परक्याला गाव, गल्ली, पाण्याच्या टाकीपासून तिसरं दार.

म्हणून सगळा पत्ता लिहिला,
दोन रेघा, सर्व्हर, रेघ, फोल्डर.
पत्ता मिळाला तरी दारावर ओळख विचारणारच,
तर त्याला त्याचा स्वतःचा पासवर्डही दिला.

त्या रात्री मी लॉगआउट करून बाहेर आले,
आत बसले असते तर परीक्षा कसली.
क्रेटवर बसले. सुभानने तंबाखू मळली.
दोन वाजता लांबून मालगाडी गेली,
आत दिवा लुकलुकला, एवढंच.

सकाळी सहाला फाइल होती. आठच्या आठ आकडे.
सुभानने शेजारी वही उघडली, बोट फिरवत आला:
सोळा, सोळा, सतरा, सोळा, सतरा.
सहा नंबरला बोट थांबलं.
वहीत सोळा. फाइलीत एकोणीस.

तो स्क्रीनकडे बघत राहिला, मी वहीकडे.
मग कुणीच काही न बोलता
चपला घालून आम्ही सहा नंबरच्या दाराकडे निघालो.