किरकोळ

सहलीचा हिशेब माझ्याकडे. दरवर्षीच असतो.
मार्चचा शेवटचा रविवार, हडर्सफील्ड,
गावातली घड्याळं रात्रीतून एक तास पुढे गेलेली,
माझं स्वयंपाकघरातलं अजून मागेच.
बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा करते:
चौदा माणसांचे नऊ दिवस
चुरगळून, चौकोनी घड्या घालून, एक तर च्युइंगगमला चिकटलेला.

लीड्स विमानतळापर्यंत बस. भागिले चौदा. ठीक.
स्कीचे बूट भाड्याने, तेरा जोड.
बागवेबाईंनी दोनदा बदलले, त्याचे जादा आठ युरो.
त्या म्हणतात, पाय तेच होते ना?

कॅसलफर्डचा सराव वेगळ्या पानावर.
तिथे शेडमध्ये बर्फ, वर ट्यूबलाइटचं आभाळ,
आणि शिकवणारा विशीतला पोरगा ओरडतोय, पिझ्झा! पिझ्झा!
म्हणजे पायांचा त्रिकोण करा आणि थांबा.
हुद्दारांना वाटलं जेवणाची सुट्टी झाली.
ते सरळ कॅफेच्या दिशेने गेले,
काचेपाशी थांबले, म्हणजे काचेने थांबवले.

सिएरा नेवाडाला आभाळ खरं निघालं,
इतकं निळं की मृदुलाने गॉगल काढून खात्री केली.
माथ्यावरून कोणीतरी हात केला: तो समुद्र, पलीकडे आफ्रिका.
काहींना दिसली. हो सगळेच म्हणाले.

आता ही पावती.
दोन हॉट चॉकलेट, साडेसात युरो, दुपारी दोन चाळीस.
सगळे वर, आणि खाली बाकावर मी,
मनगटाला क्रेप बँडेज,
शेजारी डॉक्टर उपासनी, ज्यांनी बूट घेतलेच नाहीत.

चौतीस वर्षं भूल दिली त्यांनी, इथल्याच इन्फर्मरीत.
माझ्या थोरल्याच्या ऑपरेशनलाही तेच होते.
मास्क लावायचे आणि म्हणायचे, दहापासून उलटं मोज.
थोरला आठवर झोपला होता.
लोकरी हातमोज्यात कप धरून डॉक्टर म्हणाले,
वहिनी, हल्ली मीच मोजून बघतो रोज सकाळी.
दहा, नऊ, आठ, सात.
सातनंतर तिथे काहीच नसतं.
मग म्हणाले, चॉकलेट फार गोड आहे.
मग म्हणाले, कोणाला सांगू नका, हे लोक लगेच डबे घेऊन येतील.

समोर हुद्दार आडवे पडून पूर्ण उतार खाली आले.
आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी ग्रानाडाला, राजवाड्यावरच्या बागेत
जिन्याच्या कठड्यातून पाणी वाहतं, दगडी पन्हळीतून, पायरीगणिक.
डॉक्टरांनी त्यात हात घातला, तो काढीचनात.
गाइड पुढे गेला, छत्री पुढे गेली,
मी बसपाशी डोकी मोजली, तेरा आली,
पुन्हा मोजली, तेरा,
आणि कोणाला न विचारता उलटी चढत गेले.
ते तिथेच होते. बाही कोपरापर्यंत ओली.
याला कोणी सांगत नाही कुठे जायचं, म्हणाले,
आणि माझ्यामागोमाग निमूट उतरले.

हे कुठल्या रकान्यात घालू?
प्रवास, मुक्काम, भोजन, प्रेक्षणीय स्थळे.
साडेसात युरोंचा ताळा जमत नाही.
माझ्या पर्समधून भरले तर जमेल,
पण मग ते घडलंच नाही असं होईल वहीपुरतं.

शिवाय पावत्यांची ही शाई टिकत नाही.
बूट आत्ताच पुसट झालेत, आठचा झालाय तीन.
बागवेबाई खूश होतील.

बाहेर पाऊस, हडर्सफील्डचा, ना पडणारा ना थांबणारा.
पेन उचलते. किरकोळ, असं लिहिते,
पुढे दोन चाळीस, पैशांच्या जागी वेळ.
खोडत नाही.

मग फोन लावते. उपासनीच उचलतात.
डॉक्टर, घड्याळ पुढे केलंत का?
थोडा वेळ काहीच नाही. मागे किटली वाजतेय.
कितीने, वहिनी?
एकने, म्हणते. फक्त एकने.