सोळावी वही

आमच्याकडे लाल म्हणजे वर.
हिरवा म्हणजे बुडालं.
परगावचं कुणी च्याईला आलं की फसतं,
भिंतभर लाल आकडे बघून हळहळतं,
आणि खुर्च्यांतली म्हातारी संत्री सोलत हसत असतात.

मी पहाटे तीनला सोयाबीन दळते.
दूध उकळलं की उंचावरून एकदाच ओतायचं
तळाशी कालवलेल्या जिप्समवर,
झाकण ठेवायचं आणि हात मागे बांधायचे.
बारा मिनिटं.
तेराव्याला बघितलं तरी चालतं,
अकराव्याला ढवळलं की पाणी वेगळं, चोथा वेगळा.
हे मला कुणी आलेख काढून शिकवलं नाही.

साडेआठला हंडा रिकामा, नऊला बाजार उघडतो.
ब्रोकरच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी
शाओ मास्तर.
कालवे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेला,
पेन्सिलीला असं टोक की डास टोचावा.
वहीत रोज एक मेणबत्ती:
भाव उघडला कुठे, मिटला कुठे,
वात किती वर, किती खाली.
पाच दिवसांची सरासरी निळी,
वीस दिवसांची तपकिरी,
साठ दिवसांची नुसती ठिपक्यांची.

"निळी तपकिरीला खालून छेदेल ना," ते सांगायचे,
"तो सुवर्णछेद. पण तेवढ्यावर जायचं नाही.
उलाढाल वाढलीय का बघ.
आरएसआय सत्तरच्या आत आहे का बघ.
मग तीन दिवस थांब.
पुष्टी."
हा शब्द म्हणताना ते चष्मा काढायचे.

मी म्हटलं, मास्तर, सरासरी म्हणजे वरातीमागून घोडंच की.
ते हसले नाहीत.
"वरात कुठल्या वाटेनं गेली,
ते त्या घोड्यालाच विचारावं लागतं."

त्यांच्या रेघांवर मी जहाजवाल्या कंपनीचे
दोन हजार शेअर घेतले.
निळी वर गेली, तपकिरी तिच्या मागे धापा टाकत,
आणि एका सकाळी मासेवालीनं सुरी थांबवून विचारलं,
"कुठलं जहाज गं ते, मलाही सांग."
दहा चाळीसला मी विकलं.
मास्तर म्हणाले, सिग्नल आला नाही.
मी म्हटलं, आला. मासे कापत होता.
पुढे अठरा दिवस ते लालच होत राहिलं.
अठरा दिवस मी चरफडले
आणि नवा बॉयलर घेतला.
मग कधी हिरवं झालं ते बघायचं राहिलंच.

परवा हॉल बंद होणार म्हणून कागद फिरला.
आता सगळं फोनवर.
काउंटरवरची य्वे-शान
एकेकाचं खातं मोबाइलमध्ये घालून देत होती.
मास्तरांचं नाव तिनं दोनदा टाइप केलं,
मग तिसऱ्यांदा, सावकाश.
"आजोबा, खातं दिसत नाहीये."
"नाहीच," मास्तर म्हणाले.
"अजून उघडलेलं नाही."

अकरा वर्षं. पंधरा वह्या भरलेल्या, सोळावी अर्धी.
एवढ्या छेदांतला एकही त्यांना पुरला नाही.
कधी उलाढाल तोकडी,
कधी अमेरिकेत रात्रीतून काहीतरी पडलेलं,
एकदा सगळं जुळलं
तर पुढे नऊ दिवस नववर्षाची सुट्टी.
संत्री सोलणारे हात थांबले.
मला राग आला. कुणाचा, ते अजून कळलं नाही.

आज ते पहिल्यांदा माझ्या गाडीवर आले, आठ वीसला.
मी वाटी भरली, वर आल्याचा पाक.
ते वाटीतली थरथर बघत राहिले,
वही काखेत.
"जमलंय, हे कसं कळतं?"
कळत नाही. बारा मिनिटं झाली की झाकण काढते.
"आणि बिघडलेलं निघालं तर?"
तर दुपारी घरी तेच खाते, मीठ घालून.

त्यांनी चमचा उचलला,
वाटीवर धरला,
धरूनच ठेवला.
मागे सहा माणसं, एकाच्या स्कूटरचं इंजिन चालू.
मास्तर, मी म्हटलं,
निवतंय.