डाव्या बाजूचा खांब

माघ सरला की मिरचीच्या पथाऱ्या उठायच्या.
शेवटचा ट्रक गेला की मागे उरायची
सहा एकर लाल जमीन,
आणि तिच्यावर शिंकत शिंकत आम्ही फक्की मारायचो.
दोन खांब रोवायचो, एक बाभळीचा,
एक कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातला.
नंदुरबारात तेव्हा मुलींना मैदान म्हणून
एवढंच मिळायचं, तेही पुढच्या हंगामापर्यंत.

तिथं पडलं की गुडघा दोनदा सोलायचा,
एकदा मातीनं, एकदा मिरचीनं.
फुंकर मारायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकलो.
फुंकरीनं ती डोळ्यांत जाते.

त्या वर्षी माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता.
जिन्यावरून पडले, असं घरी सांगितलेलं.
खरं तर चिंचेवरून, आणि चिंच आमची नव्हती.
कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं, मग पिवळट,
मग पथारीच्याच रंगाचं.
आत खाज सुटली की विणायची सुई घालायचे.
आई ओरडायची, ‘हात शे का लाकूड शे तुना?’
मला लाकूडच बरं वाटायचं.
लाकडानं खो दिला की पाठीत धपकन आवाज यायचा
आणि शकू उठायच्या आधी शिवी द्यायची.

मला घेतलं ते नऊ जणी भरत नव्हत्या म्हणून.
ठरलं एवढंच:
रेघ उजव्या हाताला असली तर खांबाला वळायचं,
डाव्या हाताला आली तर आधीच खो देऊन मोकळं व्हायचं.
डाव्या बाजूला मला खांब नव्हता.

हे बाकीच्या पोरींना कळायला दोन दिवस लागले.
मोगीला एक डाव.

मोगी वळवी. तिची आई आमच्याच पथारीवर
देठ खुडायची, किलोच्या भावानं
(वजनं माझे वडील लिहायचे),
आणि संध्याकाळी बोटं ताकात बुडवून बसायची.
मोगी जरा उजवीकडे कलून पळायची.
आम्हाला वाटायचं, ढब आहे.
मला बरोबर डाव्या बाजूनं खांबापर्यंत न्यायची
आणि पलीकडे जाऊन
कमरेवर हात ठेवून उभी राहायची.
हसायची नाही. तेच जास्त लागायचं.

शेवटचा डाव, ऊन कललेलं,
शकूची धाकटी बहीण मोठ्यानं आकडे मोजतेय,
चौदानंतर सोळा म्हणतेय.
रेघ माझ्या डाव्या हाताला.
समोर मोगी, तिच्यापुढे खांब.
‘खो दे, खो दे,’ शकू ओरडतेय पाठ वाकवून.

मी खो दिला नाही.
प्लास्टर खांबाला अडकवलं आणि वळले.

देठ खुडल्याचा असतो तसाच आवाज, फक्त मोठा.

मोगी पलीकडे होती, चार पावलांवर.
सुटली असती. सहज सुटली असती.
आवाज ऐकून थांबली, माघारी वळली,
‘लागनं का वं?’

आणि मी उजव्या हातानं तिला शिवले.

मग आरडाओरडा, उड्या, फक्की उधळलेली,
कुणीतरी मला उचललं आणि दुखतंय म्हटल्यावर टाकलंही.
मोगी भांडली नाही. रेघेबाहेर जाऊन बसली
आणि उजवा घोटा चोळत राहिली.
घोटा वाकडा होता.
कधीतरी मोडलेला, हळदचुन्यावर आणि दोन कामट्यांवर
जमेल तसा जुळलेला.
सगळा उन्हाळा तिनं आम्हाला
त्या पायावर दमवलं होतं,
आणि मी तो पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

हात पुन्हा बांधला. यावेळी बाबांनी चिंचेचंही ऐकलं,
एका कानाखाली दोन्ही हिशेब मिटवले.
पुढच्या फाल्गुनात पथारी उठली,
मोगी आली नाही. ऊसतोडीला गेली म्हणे, गुजरातेत.

मनगट थोडं तिरकं राहिलं.
आता सुरतेत, चौथ्या मजल्यावर,
लाटणं डावीकडे ओढ घेतं आणि पोळी लांबट होते.
मुलगा ताटात बघून विचारतो, आज कुठला देश?
हाताचं कुणी विचारलं तर सांगते, खो-खोत मोडला.
अरे वा, म्हणतात, मग जिंकलं कोण?

आम्ही, म्हणते.
एका गुणानं.