आतून कोरी

काठवट झाली आहे. अस्पेनच्या एका खोडातून,
तीन आठवडे वाकस चालवून.
पाठीत अजून तिचे ठोके आहेत.
आता शेवटचा हात द्यायचा,
आणि तिथेच अडून बसलोय मी
फळीवरच्या बाटल्यांसमोर, बुधवारपासून.
हिलियाला रविवारी हवी आहे.

सारेमा बेटावर मार्चमधलं ऊन
तिरकं येतं, आणि त्याला कसली घाई नसते.
त्याच्या भरवशावर जवसाचं तेल लावलं
तर सुकेसुकेपर्यंत बर्च पालवतील.
दुकानातलं ‘उकळलेलं’ लवकर सुकतं खरं,
पण उकळताना त्यात काय घातलं
ते डब्यावर इतक्या बारीक अक्षरांत
की कुणी वाचू नये अशीच इच्छा दिसते.

वडील तेलाचं बोट आधी जिभेला लावायचे.
‘तुला गिळवत नाही
ते पावाच्या भांड्याला पाजू नको.’
आणि चिंध्या कुंपणावर एकेक पसरून वाळत घालायचे,
तान्ह्याच्या दुपट्यांसारख्या.
वाल्देकनं एकदा बोळा करून कोपऱ्यात टाकल्या.
रात्री कुणी काडी ओढली नाही.
पहाटे त्याच्या छपराची जागा होती,
छप्पर नव्हतं.

अक्रोडाचं तेल मला आवडतं.
झाकण उघडलंही होतं.
मग आठवलं, काठवट ज्या घरी चाललीय
तिथली एवी पाच वर्षांची आहे,
आणि नाताळात केकच्या एका तुकड्यानं
तिचे ओठ सुजले, डोळे मिटले,
हेलिकॉप्टर उतरलं होतं बर्फातल्या शेतात.
झाकण घट्ट लावलं.
हात साबणानं धुतले. पुन्हा धुतले.

उरलं औषधाच्या दुकानातलं पांढरं तेल.
वास नाही, चव नाही, मत नाही.
ते कधी नासत नाही,
कारण ते कधी जगलेलंच नाही.
वार्निशचं नावही काढत नाही मी.
काचेसारखं चकाकेल दोन वर्षं,
मग खरवडणीखाली पापुद्रे,
पापुद्रे राईच्या पिठात.

शनिवारी हिलिया आली
जुनी काठवट बगलेत धरून.
कडेला चीर, कोपऱ्यात वाळलेली करडी खरवड.
‘ही धुतलीच नाही कधी?’
‘धुवायची कशाला? विरजण आहे ते.
आईनंही नाही धुतली.’

नव्या काठवटीत तिनं कोपरापर्यंत हात घातला,
मग नाक.
‘काय लावलंस?’
‘तेलही नाही न् तूपही नाही,’ म्हटलं.
एवढ्या वर्षांच्या सुतारकीत
इतकी लाजिरवाणी कबुली दिली नव्हती.

‘मग आतून लावूच नको.
बाहेर चोळ काय चोळायचं ते, तुझी हौस.
आत तू पोटभर पाजलंस
तर विरजणानं बसायचं कुठे?’

कोमट पाणी मागितलं. जुनी खरवड त्यात कुस्करली,
मूठभर राई घातली,
आणि तो राखाडी लगदा
माझ्या कोऱ्या लाकडावर तळव्यानं सारवला,
जमीन सारवावी तसा.
लाकूड प्यायलं. आवाज नाही झाला,
पण प्यायलं.
दोन दिवस घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग
बारीक लव उभारून आला.
मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

बाहेरून मेण लावलं,
बहिणीच्या पोळ्यांचं, निखाऱ्यावर पातळ करून.
काठाशी आलं की बोट आपोआप थांबत होतं.
वर येऊन, थबकून, मागे.

हिलिया पैसे मोजून दाराशी गेली,
आणि खिशातून एक पळी काढली,
दांडा काळवंडलेला, टोक झिजून तिरपं.
‘ही कढत सूपात जाते,
आणि एवी चावते हिला.
हिला काय लावशील?’

जुनी काठवट ती इथेच विसरली, की ठेवून गेली,
विचारायचं राहिलं.
पळी तिच्यात ठेवलीय.
बाटल्या फळीवर आहेत.